खिरीचा गंज आणि १ जून १९५५ चे दोन कायदे

वैशाखी पौर्णिमा जवळ आली आहे. यवतमाळ, पुसद, दारव्हा, दिग्रस, उमरखेड, वणी, पांढरकवडा, जिल्ह्याच्या सोळाही तालुक्यांत विहाराविहारांत खीरदानाची तयारी सुरू झाली असेल. कोणी दूध देतो, कोणी साखर, कोणी तांदूळ. नुकतीच १४ एप्रिलला जयंती झाली, तेव्हा मसालेभात आणि बुंदा वाटला गेला. पुढे वर्षावास येईल आणि ग्रंथवाचनाच्या समाप्तीला पुन्हा भोजनदान होईल. म्हणजे आपली वस्ती वर्षातून कितीतरी वेळा शेकडो माणसांचा स्वयंपाक करते. त्याशिवाय वस्तीतल्या अनेक भगिनी शाळेत पोषण आहार शिजवतात, कोणी डबे देतात, कोणाची चहाची टपरी आहे, कोणाचा पाणीपुरीचा किंवा अंडाभुर्जीचा ठेला आहे.

एवढे अन्न शिजते, तर ते शिजवण्याची जागा तपासण्याचा अधिकार कोणाला आहे? तो कधीपासून आला? आणि ती तपासणी आपल्या बाजूची आहे की आपल्या विरोधातली? या महिन्याच्या आरोग्य पानावर आम्ही या तीन प्रश्नांकडे वळत आहोत. शेवटी खीरदानासाठी आणि छोट्या विक्रेत्यांसाठी कामाच्या सूचना दिल्या आहेत. ज्यांना घाई आहे त्यांनी त्या आधी वाचाव्यात, पण मागचा इतिहासही नंतर जरूर वाचावा.

आधी हात पाहत, मग अन्न

आपल्या देशात अन्न चांगले की वाईट हे ठरवण्याची एक जुनी पद्धत होती. अन्नात काय आहे हे कोणी विचारत नसे, ते कोणाच्या हातचे आहे हे विचारले जाई. हॉटेलच्या पाटीवर मालकाची जात लिहिलेली असे. रेल्वे स्थानकावर ‘हिंदू पाणी’ आणि ‘मुस्लिम पाणी’ वेगळे असे. आपल्या माणसाला चहा मिळालाच तर बाहेर, वेगळ्या कपात, आणि तो कप त्यानेच विसळून ठेवायचा. वस्तीतल्या वडीलधाऱ्यांना विचारा, या गोष्टी त्यांनी पाहिलेल्या किंवा आईवडिलांकडून ऐकलेल्या आहेत.

या पद्धतीत आरोग्य कुठेच नव्हते. विटाळ मानणाऱ्याच्या स्वयंपाकघरात उंदीर फिरला, पाण्याचा हंडा उघडा राहिला, वाढणाऱ्याच्या बोटाला पिकलेली जखम असली, तरी ते अन्न ‘शुद्ध’च. २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी बाबासाहेब आणि सत्याग्रही प्याले. त्यानंतर सनातन्यांनी तळे शुद्ध करायला काय वापरले? दूध, दही, शेण आणि गोमूत्र. पिण्याच्या पाण्यात शेण कालवणे ही आरोग्याच्या दृष्टीने घाण, पण धर्माच्या दृष्टीने शुद्धी. शुद्धी आणि स्वच्छता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे समजायला याहून स्पष्ट उदाहरण नाही.

पहिले कायदे

इंग्रजांनी १८६० साली भारतीय दंड संहिता केली. तिच्या कलम २७२ आणि २७३ मध्ये अन्नात भेसळ करणे आणि खाण्यास अपायकारक झालेले अन्न विकणे हा गुन्हा ठरला. शिक्षा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा एक हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. ही संहिता पुढे वऱ्हाडातही लागू केली गेली. १ जुलै २०२४ पासून दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली आणि तीच कलमे आता २७४ व २७५ या क्रमांकांनी आहेत.

पण हा कायदा गुन्हा घडल्यानंतरचा होता. माणूस आजारी पडेल, तक्रार करील, पोलीस येतील. आधीच जाऊन चूल, पाणी, भांडी पाहणारा माणूस त्यात नव्हता. ते काम हळूहळू नगरपालिकांकडे आले.

आपला जिल्हा तेव्हा ‘वणी जिल्हा’ म्हणून ओळखला जाई, १९०५ साली त्याला यवतमाळ हे नाव मिळाले. यवतमाळला १८६९ साली नगरपालिका स्थापन झाली, पुढे ती अपुरी म्हणून बंद झाली आणि शहर वाढू लागल्यावर १८९४ साली पुन्हा सुरू झाली. कापसाचा बाजार, जिनिंग, मजुरांची गर्दी, त्यांच्यासाठी खानावळी आणि मिठाईची दुकाने, असे हे वाढते गाव होते. १९०३ पासून वऱ्हाड मध्य प्रांताच्या कारभाराला जोडलेले होते. मध्य प्रांताने १९१९ साली भेसळ प्रतिबंधाचा आपला कायदा केला आणि १९२२ साली नगरपालिकांचा. मुंबई इलाख्याचा भेसळ कायदा १९२५ चा. म्हणजे प्रत्येक प्रांताचा कायदा वेगळा आणि अंमल मुख्यतः शहरात. खेड्यातल्या बाजारात शिळा मासा किंवा भेसळीचे तेल विकले गेले तर पाहायला कोणी नव्हते. गावकुसाबाहेरच्या आपल्या वस्तीपर्यंत तर निरीक्षक यायचा तो साथ आली म्हणूनच.

आणखी एक गोष्ट विसरता येत नाही. शहराच्या नाल्या, संडास, रस्ते साफ करणारे हात आपल्याच दलित बांधवांचे होते. ज्यांच्यामुळे शहर स्वच्छ राहत होते, त्यांनाच हॉटेलच्या आत बसायची मनाई होती.

एकाच दिवशी दोन कायदे

देश स्वतंत्र झाला आणि संविधान आले. संविधानातल्या चार जागा या विषयासाठी महत्त्वाच्या आहेत. अनुच्छेद १५ च्या दुसऱ्या खंडाने दुकाने, सार्वजनिक उपाहारगृहे आणि हॉटेलांत जातीवरून मज्जाव बंद केला. अनुच्छेद १७ ने अस्पृश्यता नष्ट केली. अनुच्छेद ४७ ने लोकांचे पोषण आणि सार्वजनिक आरोग्य सुधारणे हे राज्याचे कर्तव्य ठरवले. आणि सातव्या अनुसूचीच्या समवर्ती सूचीत, अठराव्या नोंदीत, अन्नपदार्थांतील भेसळ हा विषय घातला गेला. त्यामुळे केंद्राला संपूर्ण देशासाठी एकच कायदा करता आला.

तो कायदा म्हणजे अन्न भेसळ प्रतिबंधक कायदा, १९५४. तो लागू झाला १ जून १९५५ रोजी.

त्याच दिवशी, १ जून १९५५ रोजी, आणखी एक कायदा लागू झाला: अस्पृश्यता गुन्हे कायदा, १९५५. १९७६ साली त्याचे नाव नागरी हक्क संरक्षण कायदा झाले. त्याच्या कलम ४ नुसार उपाहारगृहात किंवा हॉटेलात अस्पृश्यतेच्या कारणावरून प्रवेश नाकारणे हा गुन्हा आहे. एवढेच नाही, तिथे सर्वांसाठी ठेवलेली भांडी वापरू न देणे हाही गुन्हा आहे. खिळ्याला टांगलेला वेगळा कप त्या दिवसापासून बेकायदा झाला.

यवतमाळ तेव्हा मध्य प्रदेशात होते. १ नोव्हेंबर १९५६ ला विदर्भ द्वैभाषिक मुंबई राज्यात आला आणि १ मे १९६० ला महाराष्ट्रात. राज्ये बदलली, पण हे दोन्ही कायदे केंद्राचे असल्याने कायम राहिले.

दोन्ही कायदे एकाच दिवशी सुरू झाले हा योगायोग असेल. पण आम्हाला ते एकमेकांना पूरक वाटतात. एक कायदा हॉटेलवाल्याला विचारतो की तुझ्या कढईत काय आहे, तुझे पाणी कुठले आहे. दुसरा त्याला सांगतो की गिऱ्हाइकाची जात विचारायची नाही. पहिला पाळला आणि दुसरा मोडला तर स्वच्छ कपातून अपमान मिळतो. दुसरा पाळला आणि पहिला मोडला तर सर्वांना समान जुलाब होतात. आपल्याला दोन्ही हवेत.

जगात काय घडले

निरीक्षक उगाच निर्माण झाला नाही, माणसे मेल्यावर झाला. १८५८ साली इंग्लंडमधल्या ब्रॅडफर्ड गावात पेपरमिंटच्या गोळ्या खाऊन वीसेक माणसे दगावली आणि दोनशेच्या आसपास आजारी पडली. गोळ्या बनवणारे साखरेत स्वस्त भुकटी मिसळत, त्या वेळी भुकटीऐवजी चुकून सोमल दिला गेला. दोन वर्षांनी, १८६० साली, ब्रिटिश संसदेने भेसळीविरुद्ध कायदा केला. अमेरिकेत मांस कारखान्यांतली घाण उघड झाल्यावर १९०६ साली मांस तपासणीचा आणि शुद्ध अन्नाचा कायदा आला.

न्यूयॉर्कच्या मेरी मॅलन या स्वयंपाकीणीची गोष्ट आपल्याला जास्त शिकवते. ती आयर्लंडहून आलेली गरीब बाई. स्वतः ठणठणीत, पण तिच्या शरीरात विषमज्वराचे जंतू होते आणि तिच्या हातच्या अन्नातून ते पसरत होते. १९०७ साली तिला शोधून एका बेटावरच्या रुग्णालयात ठेवले गेले. १९१० साली सोडले. सोडताना स्वयंपाक करू नको असे सांगितले, पण पोट कसे भरायचे हा प्रश्न राहिलाच. तिने नाव बदलून पुन्हा स्वयंपाकाचे काम धरले. १९१५ साली एका प्रसूती रुग्णालयात पंचवीस जणांना विषमज्वर झाला, दोघे दगावले, आणि मेरी पुन्हा पकडली गेली. बाबासाहेब त्या वर्षी त्याच शहरात, कोलंबिया विद्यापीठात शिकत होते. मेरीला नंतर १९३८ साली मरेपर्यंत सोडले नाही.

यातून दोन धडे मिळतात. निरोगी दिसणारा माणूसही जंतू पसरवू शकतो, म्हणून शिजवणाऱ्या प्रत्येकाची वैद्यकीय तपासणी आणि हात धुण्याची शिस्त लागते, जात कोणतीही असो. आणि काम बंद करायला सांगताना त्या माणसाच्या पोटाची सोय केली नाही, तर तो लपून तेच काम करतो. आजारी स्वयंपाकीणबाईची मजुरी कापली तर ती आजार सांगणार नाही.

निरीक्षक, नमुना आणि त्रुटी

१९५४ च्या कायद्याने अन्न निरीक्षक हे पद देशभर आणले. तो दुकानात जाई, साक्षीदारासमोर नमुना घेई, त्याचे तीन भाग करून सील लावी आणि एक भाग शासकीय विश्लेषकाकडे पाठवी. १९८६ च्या दुरुस्तीने मान्यताप्राप्त ग्राहक संघटनांनाही नमुना तपासून घेण्याचा अधिकार मिळाला.

या पद्धतीत दोष होते. सगळे लक्ष नमुन्यावर. मिरची पावडरीत किती विटांची भुकटी आहे हे कळे, पण भांडी कोणत्या पाण्याने धुतात हा प्रश्न मागे पडे. खटले वर्षानुवर्षे चालत. आणि छोट्या माणसावर कारवाई करणे सोपे असे, कारण त्याच्याकडे वकील नसे.

म्हणून अन्न सुरक्षा व मानके कायदा, २००६ आला आणि ५ ऑगस्ट २०११ पासून लागू झाला. महाराष्ट्रात त्याचा अंमल अन्न व औषध प्रशासन करते. लोक त्याला ‘एफडीए’ म्हणतात. नियमावलीच्या चौथ्या अनुसूचीत आता जागेची स्वच्छता सविस्तर दिली आहे: पिण्यायोग्य पाणी, सांडपाण्याची वाट, कच्चे आणि शिजलेले अन्न वेगळे, उंदीर-झुरळांचा बंदोबस्त, काम करणाऱ्यांची वर्षातून एकदा आरोग्य तपासणी. दूषित अन्नाने कोणाचा मृत्यू झाला तर कलम ६५ प्रमाणे वारसांना किमान पाच लाख रुपये भरपाईची तरतूद आहे. गंभीर इजेला तीन लाखांपर्यंत आणि इतर इजेला एक लाखापर्यंत.

कायदा चांगला, पण माणसे आणि यंत्रणा कमी. नियंत्रक व महालेखापरीक्षकांच्या २०१७ च्या अहवालात अन्न सुरक्षा अधिकाऱ्यांच्या कमतरतेवर बोट ठेवले होते. राज्यांच्या ज्या ७२ प्रयोगशाळा पाहिल्या, त्यांपैकी ६५ कडे राष्ट्रीय दर्जाची मान्यता नव्हती. म्हणजे अधिकारी येईल आणि पाहील या भरवशावर वस्तीने राहू नये.

शाळेची चूल

आपल्या वस्तीचा या विषयाशी सर्वांत जवळचा संबंध शाळेतल्या पोषण आहाराचा आहे. २८ नोव्हेंबर २००१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सरकारी व अनुदानित प्राथमिक शाळांत शिजवलेले जेवण देण्याचा आदेश दिला. २० एप्रिल २००४ च्या आदेशात न्यायालयाने सांगितले की स्वयंपाकी आणि मदतनीस नेमताना दलित, अनुसूचित जाती व जमातींना प्राधान्य द्यावे. हा आदेश प्रत्येक शाळा व्यवस्थापन समितीतल्या आपल्या सदस्याला पाठ असला पाहिजे.

तरीही डिसेंबर २०२१ मध्ये उत्तराखंडच्या चंपावत जिल्ह्यात एका शाळेतल्या सवर्ण मुलांनी दलित भोजनमातेच्या हातचे जेवण नाकारले. तिला आधी कामावरून काढले गेले, ओरड झाल्यावर पुन्हा घेतले गेले. अन्नात दोष नव्हता. हात पाहण्याची जुनी तपासणी अजून चालू आहे, हेच त्यातून दिसले. जुलै २०२४ मध्ये उत्तर प्रदेशात कावड यात्रेच्या मार्गावर खाद्यविक्रेत्यांना मालकांची नावे लावायला सांगितले गेले, तेव्हा २२ जुलैला सर्वोच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली. कोणते अन्न आहे ते सांगावे लागेल, नाव सांगण्याची सक्ती नको, असा त्या आदेशाचा आशय होता.

दुसरी बाजूही तेवढ्याच गंभीरपणे पाहिली पाहिजे. १६ जुलै २०१३ रोजी बिहारच्या सारण जिल्ह्यातल्या गंडामन गावात शाळेचे जेवण जेवून २३ मुले दगावली. तेलात मोनोक्रोटोफॉस हे कीटकनाशक सापडले. कीटकनाशकाच्या जुन्या डब्यात तेल ठेवले गेल्याचा संशय होता. स्वयंपाकीणबाईने तेलाबद्दल शंका काढली होती, पण तिचे ऐकले गेले नाही, हेही त्या वेळी समोर आले. मुख्याध्यापिकेला २०१६ साली शिक्षा झाली. या घटनेनंतर केंद्राने सूचना दिली की मुलांना वाढण्याआधी दोन-तीन मोठ्या माणसांनी अन्न चाखावे आणि त्यांत निदान एक शिक्षक असावा.

मोनोक्रोटोफॉस हे नाव यवतमाळकरांना नवीन नाही. २०१७ च्या खरिपात फवारणी करताना विषबाधा होऊन जिल्ह्यात वीसच्या आसपास शेतकरी-शेतमजूर दगावले. ती विषबाधा श्वासातून आणि कातडीतून झाली होती. चौकशीनंतर विशेष पथकाने ज्या औषधावर बंदीची शिफारस केली, ते मोनोक्रोटोफॉसच होते. आपल्या वस्तीतले अनेक जण फवारणीच्या मजुरीला जातात. रिकामा डबा मजबूत असतो, म्हणून तो घरी येतो आणि त्यात रॉकेल, पाणी, कधी तेल भरले जाते. आम्ही हात जोडून सांगतो, फवारणीच्या औषधाचा डबा कितीही धुतला तरी घरात किंवा विहारात आणू नका. तो भोक पाडून निकामी करा. आणि शिजवणाऱ्या बाईला काही वेगळा वास आला, रंग वेगळा दिसला, तर चूल थांबवण्याचा अधिकार तिला द्या, मग समोर मुख्याध्यापक असोत की मंडळाचे अध्यक्ष.

आता आपल्या खिरीकडे

अन्न सुरक्षा कायद्यात अन्न व्यवसायाची व्याख्या करताना ‘नफा असो वा नसो’ असे म्हटले आहे. म्हणून गणेशोत्सवात एफडीए मंडळांना महाप्रसादासाठी नोंदणी करायला सांगते. आपले खीरदान आणि भोजनदानही यातून सुटत नाही. पण कायद्यापेक्षा मोठे कारण ऊन आहे.

मे महिन्यात यवतमाळचा पारा चाळिशीच्या वर असतो. पाच अंशांपासून साठ अंशांपर्यंतच्या तापमानात जंतू झपाट्याने वाढतात. पोषक अन्न आणि उबदार हवा मिळाली तर काही जंतू वीस मिनिटांत दुप्पट होतात. एकाचे दोन, दोनाचे चार, असे सात तास चालले तर एका जंतूचे वीस लाख होतात. पहाटे शिजवलेली खीर दुपारी बारापर्यंत मंडपात राहिली तर हेच घडते. तांदळातल्या एका जंतूचे बीज उकळूनही मरत नाही, खीर कोमट झाली की ते जागे होते. हाताच्या जखमेतला दुसरा जंतू जे विष तयार करतो, ते पुन्हा उकळल्यानेही जात नाही. म्हणून ‘परत एक उकळी देऊ’ हा उपाय पुरेसा नाही.

पाण्याचाही प्रश्न आहे. २०१८ च्या उन्हाळ्यात निळोणा आणि चापडोह आटल्यावर यवतमाळ शहराने टँकरवर दिवस काढले. पाणी कमी असले की आधी हात धुणे कमी होते. म्हणून कार्यक्रमाच्या खर्चात पाण्याचा टँकर पहिल्या ओळीत लिहा, मंडप आणि डीजे त्यानंतर.

मंडळांनी आणि महिला मंडळांनी एवढे करावे:

१. स्वयंपाकघराची जबाबदारी दोन व्यक्तींवर नावानिशी द्यावी. त्यांनी आदल्या दिवशी जागा, भांडी, पाणी पाहावे.

२. ताप, जुलाब, उलटी, कावीळ, हातावर पिकलेली जखम असलेल्या व्यक्तीने त्या दिवशी शिजवू किंवा वाढू नये. तिला दुसरे काम द्यावे. आचारी मजुरीवर असेल तर त्याची मजुरी कापू नये.

३. साबण आणि पाण्याची बादली स्वयंपाकाच्या जागीच ठेवावी. संडासहून आल्यावर, कच्च्याला हात लावल्यावर हात धुवावेत.

४. दूध त्याच दिवशीचे आणि उकळलेले असावे. खीर शिजल्यापासून दोन तासांच्या आत वाटून संपवावी. गर्दी मोठी असेल तर एकच मोठा गंज करण्याऐवजी दोन-तीन वेळा थोडी थोडी शिजवावी.

५. पितळ-तांब्याच्या भांड्यांना कल्हई नसेल तर त्यांत मठ्ठा, कढी, चिंचेचे पदार्थ ठेवू नयेत.

६. उरलेली खीर कोणाला डबा भरून घरी देऊ नये. मन दुखते, पण आजार त्याहून महाग पडतो.

७. प्रत्येक पदार्थाचा वाटीभर नमुना झाकून एक दिवस फ्रीजमध्ये ठेवावा. काही झाले तर कारण शोधता येते.

जेवणानंतर अनेकांना उलट्या-जुलाब सुरू झाले तर लपवू नका. प्राथमिक आरोग्य केंद्राला लगेच कळवा, गरज पडल्यास १०८ ला फोन करा. तोवर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालून घोटघोट पाजा, चहाचा चमचा मोजा. लहान मूल सुस्त पडले, लघवी बंद झाली, जुलाबात रक्त दिसले किंवा नजर अंधुक झाली, तर एक मिनिटही थांबू नका.

ठेला, टपरी, डबेवाल्या ताईंसाठी

नियमावलीप्रमाणे वर्षाला ठरावीक मर्यादेपर्यंत उलाढाल असलेल्या छोट्या विक्रेत्याला परवाना लागत नाही, नोंदणी पुरते. २०११ च्या नियमावलीत तिची फी वर्षाला १०० रुपये ठेवली होती. फोटो, ओळखपत्र आणि पत्ता घेऊन सेतू केंद्रातून अर्ज करता येतो. सात दिवसांत नोंदणी मिळावी, नाकारली जावी किंवा तपासणीची सूचना यावी, असा नियम आहे. दलालाला हजार-दोन हजार देण्याची गरज नाही.

अधिकारी आल्यावर घाबरून ठेला सोडून पळू नका. ओळखपत्र पाहायला मागा. नमुना घेतला तर त्याची बाजारभावाने किंमत मिळण्याचा तुम्हाला हक्क आहे. नमुन्याचे चार भाग होतात, आणि त्यातला एक भाग मान्यताप्राप्त खासगी प्रयोगशाळेत पाठवा अशी मागणी तुम्ही करू शकता. जागेत दोष असेल तर आधी सुधारणा नोटीस दिली जाते आणि सुधारायला किमान चौदा दिवस मिळतात. कागद वाचल्याशिवाय सही करू नका, वाचता येत नसेल तर वस्तीतल्या शिकलेल्या मुलीला बोलवा. नाहक त्रास देणाऱ्या अधिकाऱ्यालाही याच कायद्यात दंड आहे.

आणि ग्राहक म्हणून आपलेही काम आहे. दुकानातले तेल, खवा, पनीर, शाळेतला किंवा अंगणवाडीतला आहार याबद्दल शंका असेल तर अन्न व औषध प्रशासनाच्या १८००२२२३६५ या नि:शुल्क क्रमांकावर तक्रार करता येते. यवतमाळला प्रशासनाचे जिल्हा कार्यालय आहे, तिथे लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. हॉटेलात किंवा शाळेत जातीवरून वेगळी वागणूक मिळाली तर ती तक्रार पोलीस ठाण्याची आहे. दोन्ही तक्रारी एकाच अर्जात मिसळू नका, नाहीतर दोन्ही कार्यालये एकमेकांकडे बोट दाखवतील.

येत्या पौर्णिमेआधी महिला मंडळाच्या बैठकीत हे पान एकदा मोठ्याने वाचून दाखवावे आणि वर दिलेल्या सात गोष्टी विहाराच्या भिंतीवर लिहून लावाव्यात, ही विनंती. खीरदान नीट पार पडले की कोणती सूचना जमली, कोणती अवघड गेली, ते आम्हाला कळवा. पुढच्या वर्षावासाच्या भोजनदानाआधी आम्ही ती यादी सुधारून पुन्हा छापू.

जयभीम. नमो बुद्धाय.